हॅटफिल्डचे कारभारी

लंडन सहलीत हॅटफिल्ड हाउस, म्हणजे सेसिल घराण्याचा लंडनजवळचा वाडा, घ्यायला आम्ही टूर मॅनेजर फारसे राजी नसतो. तिथे मुकुट नाही, पहारा बदलणं नाही, खरेदी तर नाहीच. पण त्या गटात निवृत्त शिक्षकांचा भरणा होता, त्यांनी हट्टच धरला.

१५५८ साली एलिझाबेथला राणी झाल्याची बातमी इथेच मिळाली. तिने लगेच विल्यम सेसिलला सचिव नेमलं आणि तो मरेपर्यंत, चाळीस वर्षं, तिच्या कारभारात राहिला. मागोमाग मुलगा रॉबर्ट. राणी अजून जिवंत होती तेव्हाच याचा स्कॉटलंडच्या राजा जेम्सशी गुप्त पत्रव्यवहार चालू! पुढे इंग्लंडचाही राजा झालेल्या जेम्सला रॉबर्टचा दुसरा वाडा आवडला, म्हणून १६०७ मध्ये अदलाबदलीत हॅटफिल्ड सेसिलांकडे आलं. नवं घर १६११ ला उभं राहिलं आणि पुढच्याच वर्षी रॉबर्ट गेला.

राणीच्या प्रसिद्ध चित्रात तिच्या झग्यावर डोळे आणि कान रंगवलेत. एक काकू म्हणाल्या, "अगंबाई, हेरखातंच पांघरलंय!" इतकी वर्षं ते चित्र दाखवतोय, पण याहून चांगलं वर्णन मला सुचलेलं नाही.

"मग यांच्यात राजा कोण झाला?" एका गुरुजींनी विचारलं. कुणीच नाही.

"म्हणजे पेशवेच की!"

मी म्हटलं, पेशवाई शंभरेक वर्षांत आटोपली. हे सेसिल १९९९ पर्यंत हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, बसत होते, तेही वारसाहक्काने.

याच घराण्यातले तिसरे मार्क्विस लॉर्ड सॉल्सबरी तीनदा पंतप्रधान झाले आणि १९०२ मध्ये ते पद गेलं त्यांच्या भाच्याकडे, बाल्फोरकडे. 'घराणेशाही काय आपल्याकडेच' वगैरे शेरे झाले, हशा पिकला. मग मी १८८८ चं भाषण सांगितलं. दादाभाई नौरोजी ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत लंडनच्या होबर्नमधून हरले होते. ब्रिटिश मतदार 'काळ्या माणसाला' निवडून देतील असं वाटत नाही, असं हेच सॉल्सबरी एडिंबरात म्हणाले. एकदम शांतता. त्यावरून विलायतेतच गदारोळ उठला आणि दादाभाईंचं नाव घरोघरी पोचलं. १८९२ मध्ये ते फिन्सबरीतून अवघ्या पाच मतांनी निवडून आले. त्याच निवडणुकीनंतर सॉल्सबरींचं सरकार पडलं.

टाळ्याच पडल्या, थेट त्यांच्याच दिवाणखान्यात! तिथली सेविका डोळे वटारून बघायला लागली. मी घाईने पुढचं सांगून टाकलं: १८९५ मध्ये दादाभाई पडले, सॉल्सबरी परत आले.

"हे बसमध्ये सांगितलं असतं तरी चाललं असतं," गुरुजी म्हणाले.