टिकली काढू का?

भोसरीतल्या एका कारखान्याची मीटिंग रूम. टेबल भिंतीला सरकवलेलं, मागे राखाडी कागदाचा रोल, बाजूला माझा सॉफ्टबॉक्स, म्हणजे फ्लॅशचा उजेड मऊ करणारी कापडी पेटी. सगळ्यात आधी आल्या त्या क्वालिटी विभागाच्या मॅनेजर. स्टुलावर बसल्या, पदर सारखा केला, गळ्यातलं आयकार्ड काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "मॅडम, टिकली काढू का? बाहेरच्या लोकांना दाखवायचा फोटो आहे ना."

"अजिबात नको," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच असावा, कारण त्या दचकल्या. का चढला ते त्यांना तेव्हा सांगायला वेळ नव्हता. इथे सांगते.

जर्मनीत स्टुटगार्टला येऊन मला नऊ वर्षं झाली. माझं काम म्हणजे हेडशॉट. छातीपासून वरचा फोटो, नजर लेन्समध्ये, मागे साधं बॅकग्राउंड. कंपनीच्या वेबसाइटवर, लिंक्डइनवर, परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत वक्त्याच्या नावाशेजारी असतो तो. विमानतळाला लागूनच इथलं मोठं प्रदर्शन केंद्र आहे. तिथे परिषद असली की एका कोपऱ्यात माझा स्टॉल लागतो आणि चहाच्या सुट्टीत रांग. एका माणसाला पाच मिनिटं मिळतात. आधी त्याच्या बिल्ल्याचा फोटो घ्यायचा, म्हणजे पुढे नावांचा घोळ होत नाही. मग बिल्ला उतरवायचा, कॉलर बसवायची. चष्मा असेल तर काड्या कानावर केसभर उचलायच्या, काच खाली झुकते आणि लाइटची चमक निघून जाते. पंधरा-वीस फ्रेम घ्यायच्या. कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडलेला असतो, त्यामुळे माणूस तिथेच आपला फोटो निवडून पुढे जातो.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका परिषदेत दोन दिवसांत दोनशेच्या वर चेहरे झाले. इतकं रिटचिंग, म्हणजे फोटोतल्या चेहऱ्यांची साफसफाई, एकटीच्या हातून होण्यासारखं नव्हतं, म्हणून फाइल्स बाहेर एका कंपनीला दिल्या. परत आल्या, वरवर चाळल्या, पाठवून दिल्या. चौथ्या दिवशी फोन आला, मराठीतून. रांगेत भेटलेली कोल्हापूरची एक मुलगी होती, सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी. आम्ही दोघी त्या पाच मिनिटांत भरपूर बोललो होतो. ती म्हणाली, "ताई, फोटो आईला पाठवला. आई विचारतेय, तिकडे टिकली लावत नाहीस का?"

मी मूळ फाइल उघडली. कपाळावर मसुराएवढी लाल टिकली होती. तयार फोटोत तिथे गुळगुळीत कातडी. जिने किंवा ज्याने रिटचिंग केलं, त्याला तो लाल ठिपका पुळीसारखा दिसला आणि त्याने तो पुसला. त्या माणसाला मी दोष देत नाही. टिकली म्हणजे काय हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं. फोटो न बघता पुढे पाठवला तो मी. टिकली पाच मिनिटांत परत आणली, पण तिच्या आईच्या मनात मधले चार दिवस काय आलं असेल ते माझ्या डोक्यातून आजही जात नाही. तेव्हापासून चेहरे मी बाहेर देत नाही.

आता माझा नियम सरळ आहे. पंधरा दिवसांत आपोआप जाणारं असेल ते काढायचं. पुळी, दाढी करताना लागलेलं, झोप न झाल्याचा डोळ्यांचा लालपणा. राहणारं असेल ते राहू द्यायचं. तीळ, व्रण, सुरकुत्या. आणि माणसाने स्वतः लावलेलं काहीही विचारल्याशिवाय काढायचं नाही.

हा नियम खरं तर शनिवार पेठेतला. काकांचा तिथे स्टुडिओ होता, मी शाळेपासून सुट्टीत तिथेच असायचे. त्यांच्याकडे रिटचिंगचं तिरकं टेबल होतं. मध्ये दुधी काच, खाली आरसा, खिडकीचा उजेड आरशावरून काचेवर यायचा. काचेवर निगेटिव्ह ठेवून काका टोकदार पेन्सिलीने त्यावर बारीक रेघा भरायचे. निगेटिव्हवर शिसं चढलं की प्रिंटमध्ये तेवढी जागा उजळते, सुरकुती भरून येते. स्थळासाठी फोटो काढायला आलेल्या मुलीची आई म्हणायची, "तो तीळ काढून टाका." काका मुलीकडे बघून पुन्हा विचारायचे, "ठेवायचा ना?" बहुतेक मुली मान खाली घालायच्या. एखादी म्हणायची, ठेवा. मग आई कितीही बोलली तरी तीळ राहायचा.

रंगाच्या बाबतीत मात्र काका गिऱ्हाइकाचं ऐकायचे. "जरा उजळ करून द्या" म्हटलं की द्यायचे. मी नाही देत. भोसरीतही एकाने तेच मागितलं. यात आपल्या समाजाचा वाटा आहेच, पण फोटोच्या धंद्याचाही आहे. कोडॅक कंपनी लॅबना रंग जुळवण्यासाठी एक नमुना फोटो पाठवायची, 'शर्ली कार्ड'. पहिल्या मॉडेलचं नाव शर्ली, म्हणून ते नाव. वर्षानुवर्षं त्या कार्डावर गोऱ्या बायकाच होत्या आणि जगभरचे चेहरे त्या मापाने छापले जात. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया एकाच कार्डावर आल्या त्या १९९०च्या दशकात. आपल्या आईवडिलांचे लग्नाचे फोटो काळपट का, याचं थोडं उत्तर इथे आहे. भोसरीतल्या त्या भावाला मी रंग बदलून दिला नाही. सॉफ्टबॉक्स हातभर जवळ ओढला, सावलीच्या बाजूला अप्पा बळवंत चौकातून आणलेला पांढरा सनबोर्ड उभा केला, चार फ्रेम घेतल्या आणि लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. तो बराच वेळ बघत राहिला. "हे चालेल," म्हणाला.

भोसरीला मी कशी पोचले ते राहिलंच. जानेवारीत महिनाभर पुण्यात होते. मावसबहीण त्या कारखान्यात एचआर बघते. तिचा फोन आला, "ताई, आमचे अकरा जण एप्रिलमध्ये हॅनोव्हरच्या प्रदर्शनाला चाललेत. बॅजला आणि ब्रोशरला फोटो लागतात. सगळ्यांना सेल्फी पाठवा म्हणू का?" मी म्हटलं, नको गं, मी येते. हात लांब करून काढलेल्या फोटोत कॅमेरा चेहऱ्यापासून जेमतेम फूट-दोन फुटांवर असतो, आणि जवळचं नाक मोठं, लांबचे कान लहान दिसतात. २०१८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याचं गणित मांडलं होतं. पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत एक फुटावरून नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. म्हणून आम्ही ८५ मिलिमीटरची किंवा त्याहून लांब लेन्स लावून चार-सहा फूट मागे उभे राहतो. फोनच हातात असेल तर दुसऱ्या कुणाला तरी काढायला सांगा, त्याला मागे उभं करा आणि झूम करा, एवढ्यानेही फरक पडतो.

दिवसभराच्या बारीकसारीक गोष्टी होत्या. छतातले दिवे आणि माझा फ्लॅश यांचे रंग जुळेनात, चेहऱ्याची एक बाजू हिरवट येत होती, म्हणून छतातले दिवे बंद करून पडदे ओढले. चहा आणणाऱ्या मावशी प्रत्येक वेळी "अंधारात काय बसलात" म्हणत दिवे लावून जायच्या. जेवणानंतर चेहरे तेलकट झाले तेव्हा दोघे जण पावडर थापून आले. फ्लॅशमध्ये पावडर राखेसारखी दिसते, म्हणून त्यांना ओला रुमाल दिला. बारीक रेघांचे शर्ट टाळायला मी आधीच सांगितलं होतं, कारण स्क्रीनवर त्या रेघा लहरींसारख्या हलतात.

संमतीचा कागद मी मराठीत करून नेला होता. फोटो कुठे वापरणार, किती दिवस ठेवणार. डिझाइनमधल्या एका मुलाने विचारलं, "माझ्याच फोटोला माझी सही कशाला?" त्याला जर्मनीच्या पहिल्या चॅन्सलरची, बिस्मार्कची गोष्ट सांगितली. १८९८ साली बिस्मार्क वारला, तेव्हा दोन फोटोग्राफर रात्री घरात घुसून त्याच्या मृतदेहाचा फोटो काढून गेले. त्यावरून खटला झाला आणि पुढे १९०७ साली जर्मनीत कायदा आला, की माणसाचं चित्र त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. तो कायदा आजही आहे. मुलगा सही करायला बसला आणि पूर्ण कागद वाचून मगच त्याने सही केली. अकरा जणांत वाचणारा तो एकटा.

सगळ्यात अवघड गेले मशीन शॉपचे साहेब. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, पहिलाच परदेश प्रवास. लेन्स दिसली की खांदे वर, ओठ आवळलेले, डोळे विस्फारलेले. पासपोर्टचा चेहरा. मी थंडीचं बोलले, हॅनोव्हरच्या एप्रिलमध्ये स्वेटर लागतो ते सांगितलं, शाकाहारी काय मिळतं ते सांगितलं. बोलताना मोकळे व्हायचे, कॅमेरा उचलला की परत तेच. तेवढ्यात दारातून एक मुलगा गिअर घेऊन आला. "सर, हा जाऊ दे का पुढे?" साहेबांनी गिअर हातात घेतला, माझ्याच लाइटसमोर धरला आणि एक-एक दात फिरवून बघायला लागले. खांदे खाली आले. खालच्या पापण्या किंचित वर उचलल्या गेल्या, मान पुढे झाली. "इथे कडेला धार राहिलीय. परत घे," ते मुलाला म्हणाले.

मी म्हटलं, "काका, आता माझ्या लेन्सकडे असंच बघा. हिच्यात काही राहिलंय का शोधा."

त्यांनी शोधलं. तीन फ्रेम मिळाल्या, तिन्ही चांगल्या. डोळे मोठे केले की माणूस घाबरलेला दिसतो, खालची पापणी जराशी उचलली की नजरेत खात्री येते, हे मी स्टुटगार्टला शेकडो लोकांना तोंडाने सांगत आले. गिअर हातात देऊन कधी सांगितलं नव्हतं. निघताना त्यांनी तो गिअर मागून घेतला, मुलगा न्यायला विसरला होता.

रात्री शनिवार पेठेत काकांकडे गेले. स्टुडिओ कधीच बंद झालाय, टेबल माळ्यावर आहे. काका आता ब्याऐंशीचे. लॅपटॉप मांडीवर घेऊन त्यांना अकराही चेहरे दाखवले. ते चष्मा काढून स्क्रीनच्या अगदी जवळ गेले आणि क्वालिटीच्या बाईंच्या फोटोवर थांबले.

"हिची टिकली जरा डावीकडे गेलीय."

"हो काका. ती तशीच लावते. मी विचारलं."

"विचारलंस ना? मग पुढचा दाखव."