वाळवी लागलेले खांब आणि गिफूचं फुलपाखरू

जपानमधल्या नागोयाहून गिफू शहर ट्रेनने जेमतेम वीस मिनिटं. बहुतेक लोक जातात ते किन्का डोंगरावरचा किल्ला बघायला, मीही पाहिला, छानच आहे, पण मला खरी ओढ होती ती डोंगराच्या पायथ्याशी गिफू पार्कमध्ये असलेल्या नावा कीटक संग्रहालयाची.

१९१९ सालची विटांची दुमजली इमारत. आत शिरलं की पाय आपोआप शोकेसकडे वळतात, पण तुम्ही कधी गेलात तर आधी खांब बघा! आतले तीन गोल खांब नारा शहरातल्या तोशोदाइजी या बौद्ध मंदिराच्या जुन्या लाकडाचे आहेत, आणि ते मंदिर आठव्या शतकातलं. वाळवी लागली म्हणून देवळातून काढलेलं लाकूड संग्रहालयाचे संस्थापक, कीटकतज्ज्ञ यासुशी नावा यांनी इथे आणून उभं केलं, कारण वाळवी हाही त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. शेकडो वर्षांचं लाकूड इवल्याशा किड्याने कसं खाल्लंय ते समोर दिसतं, मी तर तिथेच कितीतरी वेळ उभा होतो.

यासुशी नावा यांचा जन्म १८५७ चा. १८८३ मध्ये त्यांना डोंगराळ भागात पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचं एक फुलपाखरू सापडलं, तेच पुढे 'गिफूचो' झालं, चो म्हणजे फुलपाखरू. १८९६ मध्ये त्यांनी कीटक संशोधन संस्था काढली, तीही शेतकऱ्यांसाठी, पिकावरची कीड कशी आवरायची आणि उपयोगी किडे कसे जपायचे हे सांगायला. मला हे फार भावलं, कारण किडा म्हटलं की मारायचाच एवढंच आपल्याला शिकवलेलं असतं.

वरच्या मजल्यावर मोठमोठे भुंगेरे, निळ्या चमकीची मॉर्फो फुलपाखरं वगैरे आहेत, लहान मुलं तिथून हलत नाहीत. मी मात्र परत गिफूचोकडे आलो. हातात मावेल एवढंच, मागच्या पंखांवर लाल आणि निळे ठिपके. वर्षातून एकदाच, साकुरा म्हणजे चेरी फुलते त्या सुमारास ते उडतं, सुरवंट कान-आओई नावाच्या जमिनीलगतच्या रोपाची पानं खातो आणि मग कोषात जातो तो पुढच्या वसंतापर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा महिने! मी ऑक्टोबरात गेलो होतो त्यामुळे जिवंत दिसणं शक्यच नव्हतं, टाचणीला लावलेलंच बघितलं. पुढच्या वेळी तिकीट एप्रिलचं काढणार.

निघताना शूज घालून झाले होते, तरी परत आत जाऊन ते खांब एकदा बघून आलो.