चौदावा आठवडा: रायबंदरची फेरी आणि पोदेराचा भोंगा

मागच्या नोंदीत रडगाणं गायलं होतं की ल्युसिड ड्रीम, म्हणजे आपण स्वप्नात आहोत हे स्वप्नातच कळतं असं स्वप्न, पडतं, पण टिकत नाही. 'अगो, हे तर स्वप्न!' असं कळायचा अवकाश, मी पलंगावर आणि डोक्यावर पंखा गरगरतोय. तीन-चार सेकंदांचा कारभार. वहीत पहिल्या तिन्ही स्वप्नांपुढे एकच शेरा आहे: आनंदाने उठले.

या पंधरवड्यात मजल जवळजवळ चाळीस सेकंदांपर्यंत गेली.

मी गोव्यात चोडण बेटावर राहते, नोकरी पणजीत, म्हणजे रोज दोनदा रायबंदरची फेरीबोट. स्वप्नवही लिहायला लागल्यावर महिन्याभरात ध्यानात आलं की फेरी माझ्या स्वप्नांत हटकून येते. म्हणून रिअ‍ॅलिटी चेक, म्हणजे हे स्वप्न की जाग याची चाचणी, तिथेच बांधून टाकला. बोटीवर पाय ठेवला की नाक चिमटीत धरून श्वास घेऊन बघायचा. मग समोर रंगवलेली अक्षरं वाचायची, नजर वळवायची, परत वाचायची. स्वप्नातलं नाक कितीही दाबा, खरं नाक मोकळंच असतं, त्यामुळे श्वास चालूच राहतो. अक्षरं मात्र दुसऱ्या वाचनाला बहुधा बदललेली असतात. बाजूला उभ्या राहणाऱ्या काकी अजून विचारतात, "सर्दी बरी नाही झाली काय गो?"

आता त्या रात्रीबद्दल. पहाटे साडेतीनचा गजर लावला होता. रेम झोपेचे, म्हणजे ठळक स्वप्नं पडतात त्या झोपेचे, टप्पे साधारण दीड तासाच्या चक्रात येतात आणि रात्रीच्या उत्तरार्धात लांबत जातात, म्हणून मधे उठून परत झोपायचं. वीस मिनिटं वही चाळली, मग स्वप्न-संशोधक स्टीफन लाबर्जच्या पद्धतीने आडवी झाले: आधीचं स्वप्न आठवायचं, त्यात आपल्याला कळलं असं चित्र रंगवायचं आणि 'पुढच्या स्वप्नात मला कळेल' हे घोकत झोपी जायचं.

फेरी मांडवीच्या मधोमध. इंजिन धडधडतंय, पण पाणी हलत नाही, ताटात ओतलेल्या सोलकढीसारखं निपचित. भिंतीवर लिहिलेलं, 'धूम्रपान मनाई'. वळून परत पाहिलं तर 'धूम्रपान म्हावरें'. नाक धरायची गरजच पडली नाही.

उडायची ऊर्मी आली. ती दाबली, कारण आधीची तीन स्वप्नं तिनेच खाल्ली होती. कठडा धरला. लोखंड गार, दमट, रंगाचे पापुद्रे सुटलेले. एक पापुद्रा नखाने उचकटला तर तो नखाखाली टोचला, अगदी खरा टोचतो तसा. तेवढ्यात कडेकडेने सगळं फिकं पडायला लागलं, भिजलेल्या पेपरासारखं. दोन्ही तळवे एकमेकांवर खसाखसा चोळले. ऊब आली, आणि ऊब आली तसा रायबंदरचा धक्काही परत आला! मी मोजायला लागले, एक हजार एक, एक हजार दोन. (झोपेच्या प्रयोगशाळेत लाबर्जने तपासलं होतं, स्वप्नात दहा सेकंद मोजायला जागेपणी लागतो साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणून हा आकडा मी वहीत बिनदिक्कत लिहिते.) एक हजार अडतीसला समोरून दुसऱ्या फेरीचा भोंगा आला, पों पों. मी बघायला वळले आणि जागी झाले. दारात भोंगा वाजवत पाव विकणारा पोदेर उभा होता, बाबा पाव घेत होते.

तळवे चोळणं आणि जागच्या जागी गिरकी घेणं हे दोन्ही उपाय लाबर्जचेच. मला स्पर्श जास्त मानवतो. माझा अंदाज असा, की हात स्वप्नातल्या कामात गुंतले की पलंगावरच्या अंगाकडे लक्ष जात नाही. डोळ्यांचं मात्र उलट आहे. रेममध्ये बाकी अंग लुळं असतं, पण डोळे खरोखर फिरतात. १९७५ मध्ये हल विद्यापीठात कीथ हर्नने याच गोष्टीचा उपयोग केला. अ‍ॅलन वर्स्लीने स्वप्नातून ठरलेल्या पद्धतीने डोळे डावी-उजवीकडे फिरवून खूण दिली आणि ती यंत्रावर उमटली. मी एकदा पाटीवर नजर रोखून धरली, स्वप्न तिथल्या तिथे फुटलं. आता नजर फिरती ठेवते.

गिरकीने माझी फजिती केली. दृश्य बदललं, मी माझ्या खोलीत जागी झाले, दिवा लावला, वहीत पानभर लिहिलं. मग खरी जाग आली आणि पान कोरं. इतकी चिडले की खरं स्वप्नही नीट आठवेना. आता डोळे उघडले की आधी नाक, मग वही.

दुसरा घोटाळा जास्त जिव्हारी लागला. स्वप्न टिकलं, पण मीच हरवले. कठडा चाचपता चाचपता वाटलं, तिकीट कुठे ठेवलं? पर्स उपसली, घाम फुटला, खलाशी ओरडेल म्हणून बोटीच्या मागल्या टोकाला जाऊन लपले. फेरीत पायी जाणाऱ्याला तिकीट नसतं, हे चोडणचं शेंबडं पोरही सांगेल! इतकी ढळढळीत खूण असून कळलं नाही. म्हणजे हातांना काम द्यायचं खरं, पण त्या कामात बुडून जायचं नाही. आता दर चार-पाच श्वासांनी पुटपुटते, "स्वप्न आहे, कठडा स्वप्नातला आहे." मोठ्याने म्हटलं की मात्र उत्साह चढतो आणि मामला आटोपतो.

गजर आठवड्यातून दोनदाच. चार रात्री सलग लावला त्या आठवड्यात ऑफिसात एकच बिल दोनदा चढवलं, बोलणी खाल्ली.

पोदेराचं काय करावं कळेना. कानात बोळे घातले तर गजर ऐकू येत नाही. त्याला काय सांगणार, स्वप्न मोडतं, भोंगा हळू वाजव? बाबा म्हणाले, "त्यापेक्षा तू पाव खायचे सोड."

परवा पहाटे परत फेरीवर होते. मोजणी एकतीसवर असताना पों पों आलं. या वेळी वळले नाही. पोदेर आला, हे बोटीवर उभ्या उभ्या कळलं. तळवे चोळत राहिले. एक हजार बत्तीस, तेहेतीस, चौतीस, पस्तीस. मग फाटकाची कडी वाजली आणि बाबांचा आवाज आला, "सहा दे रे."