साडेपाचचा आकडा

गेल्या आठवड्यात सांगलीहून बाईंचा फोन आला. "अरे, यंदा तरी बर्फ पडला का तुमच्याकडे?" मी म्हटलं, पडला, पण फार उशिरा. गुलमर्गमधल्या खेलो इंडियाच्या २०२५ च्या हिवाळी स्पर्धा २२ फेब्रुवारीला सुरू व्हायच्या होत्या, बर्फच नाही म्हणून पुढे ढकलाव्या लागल्या आणि शेवटी ९ मार्चला सुरू झाल्या. "म्हणजे आमच्यासारखंच," बाई म्हणाल्या. मग गुडघ्याचं विचारलं. मांडी घालून बसता येत नाही, बाकी बरं आहे, म्हणाल्या. फोन ठेवला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. चौदा महिने झाले, त्यांना एक गोष्ट मी सांगितलेली नाही.

उन्हाळा-पावसाळा मी सह्याद्रीत ट्रेक नेतो आणि डिसेंबर ते मार्च गुलमर्गला असतो. एका टूरवाल्यांसाठी नवशिक्यांचे स्की कोर्स घेतो. हे काम बाहेरून दिसतं तसं नसतं. लोकांना वाटतं, आम्ही दिवसभर उतारावरून घसरत असतो. पहिले तीन दिवस तर मी जवळजवळ फक्त पाय बघतो. कुणाचा बूट चावतोय, कुणी दोन-दोन मोजे घातलेत (घालायचा एकच, तोही पातळ, हे शंभरदा सांगून झालेलं असतं), पडल्यावर उठताना कोण गुडघ्यावर जोर देतंय. उतारावर आडवं उभं राहून एकेक पाऊल वर चढायचं, त्याला आम्ही साइड-स्टेप म्हणतो. मग स्कीची टोकं जवळ आणि मागचा भाग लांब, हा स्नो-प्लाऊ. त्याने वेग आटोक्यात राहतो. चौथ्या दिवशी एखादा पहिल्यांदा आपल्या मनाने वळतो आणि मागे वळून बघतो. तो चेहरा बघायला मिळतो म्हणून मी नऊ वर्षं तिथे जातोय.

२०२४ च्या जानेवारीत मात्र गुलमर्ग तपकिरी होतं. काश्मिरात २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस म्हणजे चिल्लई कलान, थंडीचा कणा. या दिवसांत पडलेला बर्फ घट्ट बसतो, महिनोन्महिने टिकतो आणि उन्हाळ्यात तिथल्या झऱ्यांना पाणी देतो. नंतरच्या वीस दिवसांच्या चिल्लई खुर्दमध्ये किंवा शेवटच्या दहा दिवसांच्या चिल्लई बच्चामध्ये कितीही पडला तरी त्याला तो टिकाऊपणा नसतो. हा बर्फ आणतात ते वेस्टर्न डिस्टर्बन्स, म्हणजे भूमध्य समुद्राकडून येणारे वादळी हवेचे पट्टे. एल निनोचं वर्ष होतं आणि जानेवारीअखेरपर्यंत जोरदार असं एकही आलं नाही. रात्री कडाक्याची थंडी, दिवसा लख्ख ऊन आणि गोल्फ कोर्सवर वाळलेलं गवत. ओमर अब्दुल्लांनी आदल्या वर्षांचे फोटो टाकून लिहिलं होतं की हिवाळ्यात गुलमर्ग इतकं कोरडं आपण कधी पाहिलेलं नाही. माझ्याबरोबर शिकवणारे उस्ताद साठीचे आहेत, लहानपणापासून लाकडी फळ्यांवर घसरत वाढलेले. तेही हेच म्हणत होते. त्यांच्या गावात बर्फासाठी नमाज पढला गेला होता.

८ जानेवारीला मी उताराचे फोटो काढून पुण्याच्या ऑफिसला पाठवले. लिहिलं, की १२ तारखेच्या बॅचला कळवा, तारीख बदलायची संधी द्या. उत्तर आलं, "आता कळवलं तर सगळे पैसे परत मागतील. तुम्ही सांभाळून घ्या." त्याच संध्याकाळी बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ऑफिसने एक फोटो टाकला. पांढराशुभ्र उतार, वर निळं आकाश, खाली "भेटू या गुलमर्गला!" तो फोटो मीच काढलेला होता, २०२३ च्या फेब्रुवारीत. मी त्या ग्रुपमध्ये होतो. मी काही लिहिलं नाही.

अकरा जण आले. बसमधून उतरल्या उतरल्या एका मुलाने विचारलं, "बर्फ वर आहे ना?" वर म्हणजे गंडोल्याने, तिथल्या रोपवेने. पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत, तिथे सावलीत चट्टेपट्टे उरलेले. दुसरा टप्पा अफरवाटला, सुमारे ३,९५० मीटरवर नेतो. तिथे पांढरं दिसत होतं, पण तो उतार नवशिक्यांसाठी नाहीच. शिवाय अशा हिवाळ्यात तिथला पातळ बर्फ फसवा असतो. वरून थंडी आणि खालून जमिनीची ऊब, यात थोडक्या बर्फाची साखर होते. हातात घेतला तर दाणे सुटे सुटे, मुठीत गोळा होत नाही. त्यावर पुढे एकदम जड बर्फ पडला की वरचा थर बॉल-बेअरिंगवर ठेवल्यासारखा निसटतो. कमी बर्फाचा सीझन म्हणजे कमी धोक्याचा, असं पर्यटकांना वाटतं, ऑफिसातल्यांनाही वाटतं. त्याच सीझनमध्ये पुढे फेब्रुवारीत बर्फ कोसळला आणि २२ तारखेला अफरवाटच्या बाजूला झालेल्या हिमस्खलनात एक रशियन स्कीअर गेला.

या अकरा जणांत सांगलीच्या बाई होत्या. वय सत्तावन्न, शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेल्या, आयुष्यभर मुलींना खो-खो खेळवलेल्या. वर्षभर रोज जिना चढून तयारी केली होती. गवत बघून तरुण मुलं माझ्यावर चिडली, एकाने तर "चीटिंग आहे ही" असं तोंडावर सांगितलं आणि त्याचं काही चुकलं नव्हतं. बाई काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मला म्हणाल्या, "अरे, शेणाने सारवलेल्या अंगणातसुद्धा मी मुलींना सूर मारायला शिकवलाय. जे आहे त्यात दाखव."

बाकीच्या टूरवाल्यांनी आपापले लोक तंगमर्गजवळच्या द्रंगला नेले, गोठलेला धबधबा दाखवायला. मीही तेच करायला हवं होतं. पण बाईंचं ते वाक्य, तो ग्रुपवरचा फोटो आणि माझं गप्प बसणं, हे सगळं माझ्या डोक्यात एकत्र झालं आणि मी ठरवलं, यांना बर्फावर उभं करायचंच.

गोल्फ कोर्सच्या कडेला झाडीखाली एक उत्तराभिमुख उतार आहे, ऊन जेमतेम तासभर लागतं. फरच्या झाडांच्या बुंध्यांशी डिसेंबरातला थोडा बर्फ उरलेला होता. शेजारी स्लेजवाले सकाळपासून कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची टोपली, फिरनमध्ये, त्या लांब लोकरी झग्यात, घेऊन बसलेले. लाकडी स्लेज उभ्या करून ठेवलेल्या, गिऱ्हाईक नाही. मी उस्तादांशी बोललो, त्यांनी त्यातल्या सहा जणांशी. दिवसाला सहाशे रुपये ठरले, माझ्या खिशातून. दोन दुपारी आम्ही सगळ्यांनी मिळून फावड्याने आणि गोणपाटाने झाडीतला बर्फ गोळा केला, स्लेजवर लादून उतारावर आणला. माणसं ओढायच्या स्लेजवर बर्फ. एक म्हातारा स्लेजवाला प्रत्येक खेपेला काहीतरी पुटपुटायचा. उस्तादांनी सांगितलं, तो 'शीन मुबारक' म्हणतोय. पहिला बर्फ पडला की एकमेकांना म्हणतात ते.

पट्टी झाली चाळीस पावलं लांब, चार पावलं रुंद. खालचे दगड आम्ही हाताने वेचले. वर वीतभर बर्फ, मग सगळ्यांनी स्की घालून साइड-स्टेपने तुडवला. तुडवून ठेवलेला बर्फ रात्रभरात आतून सांधतो, दाणे दाण्यांना धरतात, सकाळी टाच मारली तर ठक्क वाजतं. १४ तारखेच्या रात्री मी बॅटरी घेऊन बघायला गेलो होतो. कडक झाली होती. मला फार आनंद झाला होता, तो आठवतो.

१५ तारखेला संक्रांत. बाईंनी सगळ्यांना तिळगूळ दिला, स्लेजवाल्यांनाही. मग बूट घालताना त्यांची बोटं दाबायला लागली. स्की भाड्याने देणाऱ्या दुकानात मी त्यांना घेऊन गेलो. पोराने एक नंबर मोठा बूट दिला आणि आधीच्या स्कीवरची बूट धरायची पट्टी अडकत होती म्हणून स्कीही दुसऱ्या दिल्या. टाचेचा भाग मागे सरकवला, बूट बसवला, खट्ट आवाज झाला. बाहेर दहा जण थांबलेले, ऊन पट्टीवर यायला दीड तास उरलेला. मी म्हटलं, चला.

आता हे नीट सांगतो, कारण माझ्या धंद्यातली सगळी गोम इथे आहे. बूट ज्याने स्कीवर धरला जातो ते बाइंडिंग. त्याला पुढे आणि मागे एकेक स्क्रू असतो आणि त्याशेजारी छोट्या खिडकीत आकडा दिसतो. पडताना किती जोर आला की बूट सुटेल, ते हा आकडा ठरवतो. वजन, उंची, बुटाच्या तळाची लांबी, स्कीइंग किती येतं आणि वय पन्नासच्या वर आहे का, हे कोष्टकात बघून तो लावायचा. बाईंचं वजन छप्पन्न किलो, उंची पाच फूट एक इंच. त्यांचा आकडा अडीच ते तीन. पहिल्या दिवशी अकराही जणांचे बावीस स्की मी स्वतः तपासले होते, वहीत लिहून ठेवले होते. बूट बदलला की हे सगळं पुन्हा करायचं असतं. तो 'खट्ट' फक्त एवढंच सांगतो की बूट बसला. सुटेल की नाही, ते सांगत नाही. युरोपात दुकानदार तुमचं वजन-वय फॉर्मवर लिहून घेतल्याशिवाय स्की हातात देत नाही. आपल्याकडे सोळा वर्षांचं पोर अंदाजाने देतं आणि मालकाला त्या आकड्याशी देणंघेणं नसतं. पण त्या पोराला मी दोष कसा देऊ? वही माझ्या खिशात होती.

बाईंच्या दोन फेऱ्या सुरेख झाल्या. गुडघे वाकवलेले, नजर समोर, स्नो-प्लाऊ असा की तरुण मुलं बघत राहिली. तिसऱ्या फेरीत, पट्टीच्या खालच्या टोकाशी, उजव्या स्कीची आतली कड दगडावर अडकली. दगड काळा होता, ऊन लागल्यावर त्याच्या भोवतीचा बर्फ विरघळून तो वर आला होता. वेग नव्हताच. चालण्याइतकासुद्धा नाही. स्की थांबली, बाई हळूच वळत खाली गेल्या. जोरात पडलं की बाइंडिंग सुटतं. असं सावकाश पिळवटत पडताना जोर कमी असतो, म्हणून नवशिक्यांचा आकडा कमी ठेवायचा. बूट सुटला नाही. सगळी पिळवट गुडघ्यात गेली. बाई म्हणाल्या, "आत काहीतरी टक्क झालं रे."

मी बूट सोडवायला वाकलो, तेव्हा खिडकीतला आकडा दिसला. साडेपाच. आधी कुणा धिप्पाड माणसाने नेलेली जोडी असणार. मी बूट काढला, स्की उलटी करून बाजूला ठेवली.

पाय आम्ही मॅटमध्ये गुंडाळून स्कीच्या दोन काठ्यांमध्ये बांधला. खाली रस्त्यापर्यंत सगळं गवत आणि दगड, स्लेज ओढता येईना. मग चार स्लेजवाल्यांनी बाईंना स्लेजसकट खांद्यावर घेतलं. तो म्हातारा पुढे डावीकडे होता. बाई वेदनेने पांढऱ्या पडलेल्या, एका हाताने स्लेजची दोरी धरलेली, दुसऱ्या हातात तिळगुळाची पिशवी तशीच. तंगमर्गला प्लॅस्टर, मग श्रीनगर, मग विमान. मिरजेला एमआरआय झाला, एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं एक अस्थिबंधन, तुटलं होतं, ऑपरेशन झालं. ऑफिसने खर्चाचं विचारल्यावर "साहसी खेळात जोखीम असते, त्यांनी फॉर्मवर सही केली आहे" असं उत्तर दिलं. मी त्या ऑफिसचं काम सोडलं.

पट्टी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गेली. महिनाअखेरीस खरा बर्फ पडला तेव्हा आमची बॅच केव्हाच घरी पोचली होती.

बाईंना मी तेव्हा सांगितलं, दगड लागला. दगड लागलाच होता. ऑफिसलाही तेच, ग्रुपवरही तेच. उस्तादांना मात्र खिडकी दिसली होती. ते त्या दिवशी काही बोलले नाहीत. सीझन संपताना निरोप घेताना एवढंच म्हणाले, "उन्हें बता देना." मी हो म्हटलं होतं.

मी सारखं उलटसुलट करतो. ८ तारखेला ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या असत्या तर? पट्टी केलीच नसती तर? पण पट्टीचा मला पश्चात्ताप होत नाही, खरं सांगतो. पहिल्या दोन फेऱ्यांनंतरचा बाईंचा चेहरा मी पाहिलाय. पट्टी चांगली केली होती. वही न उघडता 'चला' म्हणालो, तिथे मात्र मी दर वेळी येऊन थांबतो.

हे इथवर लिहून झाल्यावर काल संध्याकाळी त्यांना फोन लावला आणि सगळं सांगितलं, खिडकी, आकडा, वही. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. कुकरची शिट्टी ऐकू आली.

मग त्यांनी विचारलं, "माझा आकडा किती होता म्हणालास?"

"अडीच ते तीन, बाई."

"थांब, लिहून घेते," त्या म्हणाल्या, आणि पेन शोधायला गेल्या.