आधी टेकडी दाखवा, मग भीमगड

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यातल्या पोरांना रान दाखवायला कशाला न्यायचं, ती तर रानातच वाढतात की, असं मला बरेच जण म्हणतात. अर्धं खरं पण आहे ते. आमच्या शाळेतल्या सातवीच्या पोराला किंजळ आणि ऐन ही झाडं लांबनं ओळखता येतात, कुठल्या जाळीतली करवंदं गोड ते पाठ असतं. पण हे रान मोडलं कसं आणि मोडलेलं रान परत उभं कसं राहतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, कारण शाळेत झाड म्हटलं की ते लावायचंच असतं, ५ जूनला, पर्यावरण दिनाला, खड्डा, रोप, पाणी, झालं. ते चांगलंच आहे, मी पण करतो. पण रान आपलं आपण उगवतं, त्याला फक्त सोडायला आणि राखायला लागतं, हे पोरांनी डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही.

म्हणून मी वर्गाला पहिल्यांदा तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यात नेत नाही, गावामागच्या टेकडीवर नेतो. ही टेकडी एके काळी पार उघडी होती, कोळशासाठी आणि जळणासाठी तोड झालेली, वर गुरं, आणि दर उन्हाळ्याला वणवा. मग गावानं ठरवून ती राखली. जानेवारी-फेब्रुवारीत जाळपट्टा काढायचा, म्हणजे वणवा पुढं सरकू नये म्हणून गवत-पाला काढून मोकळा पट्टा ठेवायचा, गुरं आत सोडायची नाहीत, कुऱ्हाड न्यायची नाही, एवढंच. रोपं फारशी लावलीच नाहीत. तोडलेल्या ऐन, नाणा या झाडांच्या बुंध्यांची मुळं जमिनीत जिवंत होती, त्यांना धुमारे फुटले. करवंदीच्या जाळ्या वाढल्या, त्यावर पाखरं बसली, जांभळाच्या बिया टाकून गेली, आणि काट्यात असल्यामुळं ती रोपं गुरांच्या तोंडातनं वाचली. आज त्याच जाळीतनं जांभूळ वर निघालेलं दिसतं. हे मी सांगत नाही, पोरांना जाळी उचकटून बघायला सांगतो. एकीला जाळीच्या मधोमध बिब्ब्याचं रोप मिळालं तर ती सगळ्यांना बोलवून बोलवून दाखवत होती, पण हात लावू नको म्हणून आधी ओरडलो, बिब्बा उततो म्हणून.

बाजूलाच अकेशियाची लागवड आहे, हिरवीगार, लांबनं बघितलं तर कुणाला पण रानच वाटेल. तिथं पोरांना गप बसवतो आणि ऐकायला लावतो, मग टेकडीवर येऊन परत ऐकायचं. पक्ष्यांचा फरक त्यांना लगेच कळतो. मग खालचा पाला उचलायचा. अकेशियाचं पान जाडं असतं, लवकर कुजत नाही, त्याच्याखाली फारसं काय उगवत पण नाही. टेकडीवरचा पाला हातात घेतला की खाली ओली काळी माती, गोम, वाळवी, बुरशीचे पांढरे धागे. बाटलीतलं पाणी उघड्या लाल मातीवर ओतलं तर ते वाहून जातं आणि पाल्यावर ओतलं तर जिरतं, एवढा साधा प्रयोग, पण पोरं तो सोडायला तयार नसतात, सगळ्या बाटल्या रिकाम्या करतात, म्हणून जास्तीचा कॅन न्यायला लागतो. "सर, हितं गार लागालंय" हे कोण ना कोण म्हणतंच.

आणि मग पाण्याचं बोलणं आपोआप निघतं. आपल्या एकाच तालुक्यात कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेला जाऊन मिळते, तर म्हादई तिकडंच उगम पावून पश्चिमेला गोव्यात जाते. हुबळी-धारवाडचं पिण्याचं पाणी मलप्रभेवर आहे. पाल्यात जिरलेली ती बाटली बघितल्यावर हे सांगितलं की पोरं नकाशा आपणहून मागतात.

एवढं झाल्यावरच भीमगड. २०११ ला अभयारण्य झालं, साधारण १९० चौरस किलोमीटर. आता तिथं गेल्यावर पोरं वेगळी बघतात, मोठ्या झाडाकडं बघून विचारतात की ह्याला कधी वणवा लागलेला काय. बारापेडे गुहांबद्दल सांगतो, तिथलं रॉटनचं वटवाघूळ १९१३ साली विज्ञानात नोंदलं गेलं आणि कितीतरी वर्षं साऱ्या जगात ते फक्त इथंच माहीत होतं, नंतर मेघालयात आणि कंबोडियात मिळालं. गुहेत पोरांना नेत नाही, नेऊ पण नये, वटवाघळं बिथरतात. गार्ड कन्नडमधनं सांगतात, पोरं मराठीत विचारतात, कुणाचं काय अडत नाही. वनखात्याची चिन्नर वन दर्शन म्हणून योजना आहे, शाळेतल्या पोरांना जंगलात नेतात, ती चांगलीच आहे, शिक्षकांनी जरूर फायदा घ्यावा. पण मला मनापासून वाटतं की एकदा लांबच्या जंगलात नेण्यापेक्षा जवळच्या एकाच तुकड्यावर त्याच पोरांना पावसाळ्यात, थंडीत, वैशाखात परत परत न्यावं. दोरीनं एक मीटरचा चौकोन आखून त्यातली रोपं मोजायची आणि पुढच्या खेपेला किती जगली बघायची. याला बस लागत नाही, एसडीएमसीची म्हणजे शाळेच्या समितीची परवानगी, आईबापांची सही, पूर्ण बाह्यांचे कपडे, पावसात जळवांसाठी थोडं मीठ आणि घरी गेल्यावर गोचीड आहे का बघायला सांगायचं, बस.

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र रानाच्या कडेच्या गावातली पोरं विचारतात. एकानं सरळ विचारलं, गव्यानं आमचं भात खाल्लं, मग मी गवा का वाचवायचा? त्याच्या घरचं ते वर्षभराचं धान्य आहे, त्याला "निसर्गाचा समतोल" सांगून गप करणं मला पटत नाही. भीमगडच्या आतल्या बऱ्याच गावांना नीट रस्ता नाही, पावसाळ्यात पेशंटला उचलून आणायला लागतं, स्थलांतराचा विषय चालू आहे, हे सगळं त्या पोरांच्या घरात रोज बोललं जातं, आणि वर्गात त्यावर बोललंच नाही तर बाकीचं शिकवलेलं त्यांना खोटं वाटणार. म्हणून सुगी झाली की याच वर्गाला घेऊन कडेच्या शेतांवर जायचं ठरवलंय. कुठल्या बांधानं गवे येतात, राखण कशी करतात, भरपाईचा अर्ज कसा करतात आणि पैसे कधी मिळतात, हे पोरांनीच शेतकऱ्यांना विचारून लिहायचं. त्या पोराला मी पहिले प्रश्न काढायला सांगितलेत, त्यानं वहीचं पान भरवून आणलंय.