आण इकडे, मी करते

2019 च्या अखेरीस नोकरीच्या निमित्ताने मी पुण्याहून इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात राहायला आले. त्यानंतरचे बरेच दिवस महामारीमुळे घराच्या चार भिंतींत गेले. 24 जुलै 2021 रोजी इंग्लंडमधील ‘पार्करन’ पुन्हा सुरू झाले, तेव्हा केवळ चार माणसे दिसावीत एवढ्या ओढीने मी जवळच्या उद्यानात गेले. धावता धावता मी तेथील व्यवस्थेत ओढली गेले, आणि माणसांना सोबत घेऊन काम कसे करावे, हे बारा वर्षांच्या नोकरीत मला जे उमगले नव्हते, ते त्या उद्यानातल्या ओल्या गवतावर शिकले.

पार्करन म्हणजे दर शनिवारी सकाळी नऊ वाजता होणारी पाच किलोमीटरची विनामूल्य धाव. ज्यांना धावायचे नाही त्यांनी चालावे. त्याची सुरुवात 2 ऑक्टोबर 2004 रोजी लंडनच्या नैर्ऋत्येकडील बुशी पार्कमध्ये झाली. पॉल सिंटन-ह्यूइट यांना दुखापतीमुळे धावता येत नव्हते, म्हणून त्यांनी मित्रांसाठी वेळ मोजण्याचे काम अंगावर घेतले. त्या दिवशी तेरा जण धावले. क्रमांक देण्यासाठी सुरुवातीच्या काळात हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे लोखंडी वायसर वापरले जात. स्वतःला धावता येत नसताना इतरांच्या धावण्याची सोय लावणारा हा माणूस मला फार मोलाचा वाटतो.

आजही हे सारे काम स्वयंसेवकच करतात. वळणावर उभे राहून वाट दाखवणारे मार्शल असतात, वेळ नोंदवणारे असतात, अंतिम रेषेनंतर क्रमांकाचे टोकन हातात देणारे असतात आणि ते टोकन व धावणाऱ्याचा बारकोड वाचून घेणारे असतात. सर्वांत शेवटी ‘टेल वॉकर’ चालतो. त्याचे काम एकच, ते म्हणजे सर्वांच्या मागे राहणे, जेणेकरून आलेल्यांपैकी कोणालाही आपण शेवटचे आलो असे वाटू नये. त्या दिवसाची एकूण जबाबदारी ‘रन डायरेक्टर’वर असते. काही महिन्यांच्या अनुभवानंतर ती आळीपाळीने माझ्याकडे येऊ लागली.

मी घरातली थोरली मुलगी. पोळी लाटताना धाकट्या बहिणीचा हात अडखळला की ‘आण इकडे, मी करते’ हे वाक्य माझ्या तोंडून आपसूक निघे. ते कार्यालयातही माझ्यासोबत आले. कनिष्ठ सहकाऱ्याचे काम मनासारखे नसले, तर त्याच्याशी बोलण्याऐवजी रात्री बसून मी ते स्वतःच नव्याने करत असे, आणि यालाच मी जबाबदारी समजत असे. काम चोख होई, परंतु सोबतच्या माणसाला त्यातून काही मिळत नसे, हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही कधी विचारले नाही.

जानेवारीतल्या एका शनिवारी टोकन देण्याचे काम सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांकडे होते. येथे सर्वांना पहिल्या नावानेच हाक मारतात, पण मनातल्या मनात मी त्यांना काकाच म्हणत असे. शंभराच्या आसपास एकदम गर्दी झाली, काकांची बोटे अडखळू लागली आणि रांग थबकली. मी पुढे झाले, त्यांच्या हातातून टोकनांचा गठ्ठा घेतला आणि उरलेली सर्व टोकने स्वतः वाटली. काका एक पाऊल मागे सरले आणि हात जाकिटाच्या खिशात घालून शेवटपर्यंत तसेच उभे राहिले.

निकाल तयार करताना घोळ लक्षात आला. वेळेच्या नोंदी 186 होत्या आणि शेवटच्या टोकनावर 187 हा आकडा होता. वेळा आणि टोकने क्रमांकानेच जुळवली जातात. मधले एक टोकन कोणालाच मिळाले नव्हते, त्यामुळे त्यापुढच्या प्रत्येकाच्या नावावर त्याच्या मागून आलेल्याची वेळ चढली होती आणि शेवटच्या माणसाला वेळच उरली नव्हती. मी मनात काकांना दोष देऊन मोकळी झाले होते. सामान आवरताना 104 क्रमांकाचे टोकन गवतात सापडले, तेही मी गठ्ठा हातात घेतला होता नेमके त्या जागी.

पुढचे दोन शनिवार काका आले नाहीत. अखेर मी फोन करून सांगितले की टोकन माझ्या हातून पडले, आणि सर्वांसमोर तुमच्या हातातले काम काढून घेतले ही त्याहून मोठी चूक झाली. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, थंडीने बोटे बधिर झाली होती, एवढेच सांगायचे होते, पण तेवढा वेळ मिळाला नाही. बोटांची टोके उघडी राहतील असे हातमोजे, एवढाच काय तो उपाय होता, आणि तो कळण्यासाठी मी एक प्रश्न विचारायला हवा होता.

त्या रात्री मला आजोळचे लोणंद आठवले. ज्ञानेश्वर माउलींची पालखी मुक्कामी आली की आजोबा मला समाजआरती पाहायला नेत. चोपदारांनी चोप उंचावला की इतका वेळ दुमदुमणारे टाळ-मृदंग एकदम शांत होतात. परंतु ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचे टाळ वाजतच राहतात. मग चोपदार त्या दिंडीपाशी जातात आणि गाऱ्हाणे ऐकून घेतात. लहानपणी मला त्या शांततेचेच अप्रूप होते. काकांशी बोलल्यानंतर मात्र ती शांतता कशासाठी असते हे नीट कळले. हजारोंच्या समुदायात कोणाचे काय अडले आहे, ते ऐकू यावे म्हणून ती असते.

तेव्हापासून रन डायरेक्टर म्हणून माझी पाळी असली की आदल्या रात्री वहीत मी एक ओळ लिहिते: उद्या कोणत्या कामाला हात लावायचा नाही. कधी ‘टोकन’, कधी ‘स्टॉपवॉच’, तर एकदा ‘नवख्यांना सूचना देणे’ असे लिहिले होते. सकाळी प्रत्येक स्वयंसेवकापाशी जाऊन काही हवे आहे का, एवढे विचारते आणि उत्तर येईपर्यंत थांबते. हे थांबणे मला फार जड जाते, अजूनही. कार्यालयातही सोमवारी तसेच लिहू लागले. तेथे बदल संथ आहे, पण एका कनिष्ठ सहकारी मुलीने मध्यंतरी स्वतःहून येऊन आपली अडचण सांगितली, काम बिघडण्याच्या आधी. पूर्वी असे कधी झाले नव्हते.

गेल्या महिन्यात नाशिकहून शिकायला आलेला एक विद्यार्थी टोकन देण्यासाठी प्रथमच आला होता. काकांनी त्याला जवळ घेऊन गठ्ठा डाव्या हातात कसा धरायचा, वरचे टोकन अंगठ्याने कसे पुढे सारायचे आणि देताना आकडा मनात कसा म्हणायचा, हे सावकाश दाखवले आणि स्वतःचे हातमोजे काढून त्याला दिले. मी चार पावलांवर उभी होते. मुलगा दोनदा चुकला, काकांनी दोन्ही वेळा त्याचा त्यालाच आकडा जुळवू दिला. टेल वॉकर एका वृद्ध बाईंशी बोलत अंतिम रेषेवर पोहोचला, तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. नंतर कॅफेत बसून आम्ही टोकने क्रमाने लावली. 143 नव्हते, कोणीतरी चुकून खिशात घालून घरी नेले असावे. मुलगा कावराबावरा झाला. काकांनी त्याच्यासमोर चहाचा पेला सरकवला आणि पुढच्या शनिवारी ते परत येईल, असे सांगून 144 पासून पुढची टोकने ओवायला घेतली.