रविवारच्या फेरीची नोंद : जोडसायकल, साडी आणि खांबांमधले अंतर

गेल्या तीन महिन्यांत आमच्या रविवारच्या फेरीत एक मोठा बदल झाला : वेग आता सर्वांत मागचा सायकलस्वार ठरवतो. पूर्वी आम्ही सर्वांना आवर्जून बोलावत असू, परंतु पुढची मंडळी ताशी २५ किलोमीटरने निघून जात आणि नवखी माणसे पहिल्याच चढावर एकटी पडत. ती पुन्हा का येत नाहीत, हे विचारायला आम्ही फार उशीर केला, याचे मला मनापासून वाईट वाटते. आता पाषाण तलावापर्यंतची फेरी ताशी १२ किलोमीटरच्या आतच होते आणि एक अनुभवी सायकलस्वार कायम शेवटी राहतो.

सर्वाधिक वेळ जोडसायकलीवर, म्हणजे दोघांनी मागेपुढे बसून चालवायच्या सायकलीवर, गेला. दृष्टिहीन असलेल्या पुण्याच्या दिव्यांशु गणात्रा यांनी २०१६ मध्ये जोडसायकलीवरून मनाली ते लडाखमधील खारदुंग ला खिंड हा प्रवास केला, तेव्हापासून आपल्याकडेही एक असावी असे वाटत होते. मिळाली ती जुनी होती. या सायकलीत दोघांचे पेडल एका साखळीने जोडलेले असतात, त्यामुळे पुढच्याने न सांगता पाय थांबवला की मागच्याच्या पायाला हिसका बसतो, आणि ज्याला रस्ता दिसत नाही तो त्याने अधिक दचकतो. म्हणून ‘स्पीडब्रेकर’, ‘गिअर टाकतोय’, ‘पाय थांबवा’ असे पुढच्याने आधीच मोठ्याने सांगायचे, हा नियम केला. पहिल्या दिवशी जोडसाखळी सैल राहून उतरली. आता मध्यावर बोटाने दाबल्यावर ती साधारण १ सेंटीमीटर हलेल, इतकाच ताण ठेवतो. मागे बसलेल्या ताई तलावाच्या वळणावर, पाणी मला दिसण्याआधीच, “आलं ना पाणी?” म्हणाल्या, वाऱ्यातला गारवा त्यांना आधी कळला होता.

साडी नेसून येणाऱ्या एका काकूंसाठी आडवा दांडा नसलेली सायकल घेतली, तिला पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी बसवली. दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. सीट इतकी खाली असली की गुडघे दुखतात, हे ठाऊक असूनही आधी भीती जाऊ दिली आणि मग दर रविवारी सीट १ सेंटीमीटर वर घेतली.

अडले आहे ते तीनचाकी सायकलीचे. दुचाक्या शिरू नयेत म्हणून आमच्या भागातील सायकल ट्रॅकच्या तोंडाशी खांब रोवले आहेत. त्यांच्यातील अंतर टेपने मोजले तेव्हा ६८ सेंटीमीटर भरले, आणि तीनचाकीची मागची रुंदी ७६ आहे. पुणे महानगरपालिकेने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. अशा शहरात पायांत बळ कमी असलेल्या माणसाला ट्रॅक सोडून बसगाड्यांच्या शेजारून जावे लागते, हे मला मान्य नाही. मोजमापे आणि छायाचित्रे जोडून अर्ज दिला आहे. उरलेली तीन प्रवेशद्वारे येत्या रविवारी फेरीनंतर मोजायची आहेत. टेप आणि खडू मी आणतो.